राखणदाराची पोरां

"चालतंय! पाण्यात काहीतरी चालतंय!"

ही किंकाळी मामांच्या सुनेची. आदल्या रात्री पुण्याहून आलेली, सकाळी ओटीवर बसून पहिला घोट घ्यायला तिने तांब्या तोंडाशी नेला, आत डोकावली आणि तो असा भिरकावला की ओटी ओलांडून, अंगणातलं खळं ओलांडून तांब्या थेट पोफळीच्या बुंध्यावर आपटला. तिथे झोपलेला कुत्रा उठून समोरच्या वाडीत राहायला गेला, तो अजून परतलेला नाही. मी जावई माणूस, पोह्यांची बशी सांभाळत उभा राहिलो. मामी चुलीपाशी होत्या, त्या फुंकणीसकट बाहेर आल्या. आणि न्हाणीतून, अंगावर साबण तसाच, कमरेला पंचा, असे मामा गर्जत आले.

"चालतला नाय तर काय उडतला? खंय पडलो तो? कोणी हलू नकात! पाय उचलू नकात! जावयबापू, तुमचो पाय आसा थंयच ठेवा!"

माझा एक पाय त्या वेळी हवेत होता. मी तो हवेतच ठेवला. मामा सारवलेल्या खळ्यात उपडे पडले आणि दोन्ही तळव्यांनी जमीन चाचपू लागले. अंगावरचा साबण आणि खळ्यातलं शेण यांचा जो काही लेप झाला, त्याचं वर्णन मी घरच्या माणसांसमोर करत नाही. शेवटी मामींनीच तो शोधला. मोहरीच्या दाण्याएवढा जीव. गोगलगाय म्हणावं तर म्हणायच्या आत नजरेतून निसटेल, शंख म्हणावं तर शंखाची नुसती अफवा. मामींनी आंब्याच्या ओल्या पानावर तिला उचलून मामांच्या हातात दिलं. मामांनी पान तोंडाजवळ नेलं आणि दहा वाड्यांत कधी कुणी ऐकला नसेल अशा मऊ आवाजात विचारलं, "लागला नाय मा तुका?"

सुनेला वाटलं, चौकशी आपली चाललीय. "नाही बाबा, मी ठीक आहे," ती म्हणाली.

मामांनी तिच्याकडे मान वळवूनसुद्धा बघितलं नाही.

माझ्या बायकोचे हे मामा म्हणजे देवाने सिंधुदुर्गाच्या आठ तालुक्यांत मिळून पाठवलेला एकच नग. देवगडचा हापूस झाला तरी शेवटी पेटीत बसतो; मामा कुठल्याच पेटीत बसत नाहीत. त्यांचं सगळं आयुष्य एस.टी.च्या स्टँडवर कंट्रोलर म्हणून गेलं. खिडकीत बसायचं आणि कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागलीय ते पुकारायचं. त्यांना कर्ण्याची गरज लागत नसे. ते पुकारायला लागले की देवगडच्या बंदरात होड्या नांगर उचलायच्या, असं मी म्हणत नाही, माझे सासरे म्हणायचे. मात्र निवृत्त झाल्यावर पुकारण्याची ही सवय घरी आली आणि घरातच राहिली. एरवी मामा अस्सल मालवणीत बोलतात, पण काही जाहीर करायचं असलं की कुठल्यातरी अदृश्य खिडकीत जाऊन बसतात आणि शुद्ध मराठीत सांगतात, "जेवणाची पानं मांडण्यात येत आहेत. मंडळींनी कृपया हात धुऊन घ्यावेत." माझ्या साखरपुड्यात अंगठी घालायच्या वेळी त्यांनी मंडपात जो पुकारा केला, त्याने भटजी मंत्र विसरले आणि दोन पाहुणे पिशव्या उचलून फाटकापर्यंत गेले होते. सवय त्यांनाही होती.

जामसंड्याच्या आतल्या अंगाला, सड्याच्या उतरणीवर मामांचं घर. सडा म्हणजे आमच्याकडे जांभ्या दगडाचं उघडं पठार. वरून बघावं तर कोरडा ठणठणीत तवा, आणि खाली पोटात पाणी. हे पाणी उतरणीवर एका कपारीतून बाहेर येतं, तीच वाडीची झर. बाराही महिने वाहते. मामांच्या मते ते पाणी म्हणजे पाणी नव्हे, ती वस्ती आहे. त्या कपारीत, कातळाच्या पोटात, उजेडाचं तोंड न बघता पिढ्यान्‌पिढ्या या मोहरीएवढ्या गोगलगायी राहतात. पाण्याला जोर आला की एखाद-दुसरी तोंडाशी येते, दगडावरचं बुळबुळीत काहीतरी चाटते, पुन्हा आत जाते. झरीजवळ एक धोंडा आहे, तो राखणदार. गावाची आणि पाण्याची राखण करणारा देव. मामा या गोगलगायींना 'राखणदाराची पोरां' म्हणतात आणि त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली आणतात. म्हणजे मग तो फक्त शेजारच्या वाडीपर्यंत जातो.

हंड्यातून चुकून घरी आलेलं पोर दिवस मावळायच्या आत झरीवर परत पोचवायचं, हा घरचा कायदा. मामी सांगतात, लग्न होऊन आल्यावर त्यांना सासूने स्वयंपाकघर दाखवायच्या आधी नवऱ्याने गाळणं दाखवलं. एकदा कुडाळला आमच्या नात्यातलं लग्न होतं. मामा घरचं पाणी बाटलीत घेऊनच कुठेही जातात. मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी बाटली उजेडाला धरली आणि त्यांचा चेहरा पडला. आत पोर होतं. नवरानवरीच्या डोक्यावर टाकायच्या अक्षता त्यांनी माझ्या मुठीत कोंबल्या, बाहेर पडले आणि कुडाळहून थेट वाडीपर्यंत रिक्षा ठरवली. रिक्षावाल्याने विचारलं, "किती माणसां?" मामा म्हणाले, "दोघा." तो बिचारा दुसऱ्याची वाट बघत बसला. शेवटी म्हणाला, "दुसरो खंय आसा?" मामांनी बाटली दाखवली. रिक्षावाल्याने वाटेत एकाही खड्ड्यात गाडी घातली नाही, म्हणाला म्हणे, "लहान पोर आसा, जपून गेलेला बरा." आमच्या जिल्ह्यात वेड एका माणसात मावत नाही, ते असं दुसऱ्याला लगेच चढतं.

दुसऱ्याच्या घरी पाणी पिणं हा मामांच्या बाबतीत एक सोहळाच. कसालला हमरस्त्यालगत माझं घर. मी हौसेने पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवलं, निळा दिवा लागतो, मंजुळ आवाज येतो. मामांनी पेला खिडकीशी नेला, या अंगाने बघितला, त्या अंगाने बघितला.

"हेच्यात कोण रवणा नाय?"

"नाही मामा, कोणी राहत नाही. एकदम शुद्ध."

"कोणच रवणा नाय अशा जाग्यार आमी कित्याक जावचा?" असं म्हणून त्यांनी पेला खाली ठेवला. मग चहासुद्धा घेतला नाही. नंतर माझ्या नव्या फरशीला कान लावून पालथे पडले. त्यांचा सिद्धांत असा की सगळ्या सिंधुदुर्गाच्या पोटात एकच पाणी आहे, आपण सगळे त्यावर तरंगतो, आणि राखणदाराची पोरां आतल्या आत देवगडापासून कसालपर्यंत येऊनजाऊन असतात. बराच वेळ कान लावून झाल्यावर त्यांनी बोट वर करून मला गप्प बसवलं आणि म्हणाले, "एक गेलो." माझी बायको त्यांची भाची. तिनेही कान लावला आणि म्हणाली, "व्हय मामा, गेलो." हे रक्तात आहे. मी त्या दिवसापासून फरशीवर पाय आपटत चालत नाही.

आता कुणी म्हणेल, माणूस अहिंसक असेल. छे! आमच्याकडे कवच असलेल्या प्राण्याला एकच प्रश्न विचारतात, नारळ ओला घालू की भाजून? तिसऱ्यांचं सुकं असलं की मामा शिंपल्यांचा एवढा ढीग घालतात की पलीकडे बसलेले मामा दिसेनासे होतात, नुसते ओरपण्याचे आवाज येतात. मी एकदा धीर करून म्हटलं, "मामा, या तिसऱ्यासुद्धा त्या पोरांच्या नात्यातल्याच की." मामांनी शिंपली चोखून ढिगावर ठेवली. "ते खाऱ्या पाण्यातले," ते म्हणाले, "तेंची माझी वळख नाय."

तर असा हा सगळा कारभार, आणि त्यात ती किंकाळी. सून काही भांडखोर नव्हे. पोरगी सरळ, मोजकं बोलणारी, पुण्यात मोठ्या कचेरीत कामाला. पण तिचंही खरंच होतं. ज्या पाण्यातून काहीतरी चालत येतं ते पाणी ती पिणार नव्हती. तिने दुसऱ्या एका गोगलगायीचा मोबाइलवर व्हिडिओ काढला आणि विचारलं, हे काय आहे, कुणाला माहीत आहे का? वाडीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ गेला. मोबाइलच्या काचेवर मोहरीएवढी गोगलगाय रेड्याएवढी दिसू लागली. शिंगं हलवत ती सगळ्या गावाच्या अंगावर आली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो व्हिडिओ कसालला माझ्या दुकानात पोचला, आणि पाठवणाऱ्याने खाली लिहिलं होतं, 'देवगडच्या पाण्यात सापडलेला भयानक जीव. पुढे पाठवा.' मी पुढे पाठवला. मला काय ठाऊक ते आमच्याच घरचं पोर!

मग सरपंच हलले. माणूस वाईट नाही. आमच्याकडे वाईट माणूस सरपंच होत नाही, झाल्यावर लोक त्याला वाईट म्हणतात. दर वर्षी मार्गशीर्षात झर उपसायची प्रथा आहे. सगळी वाडी जमते, गाळ काढते, शेवाळ घासते, राखणदाराला नारळ देते. सरपंचांनी जाहीर केलं की यंदा झर उपसून झाली की कपारीतच टीसीएल, म्हणजे पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर टाकायची, आत लांबवर, किडा म्हणून शिल्लक ठेवायचा नाही. मामा त्यांच्या अंगणात जाऊन ओरडले. सरपंच शांतपणे म्हणाले, "मामानु, उद्या कोणाचा पोर आजारी पडला तर लोक माका धरतले, तुमच्या गोगलगायीक नाय." मामा तसेच परत फिरले.

त्यानंतर ते माझ्याकडे आले, कसालला. दुकानात येऊन बाकावर बसले, आणि हळू बोलले. त्यांचा हळू आवाज ऐकून मला घरात कोणी गेलं की काय असंच वाटलं.

"जावयबापू," ते म्हणाले, "माणसाक पाण्याची बांव बुजली तर दुसरी बांव आसा. गावात नाय गावली तर बाजूच्या गावात आसा. ही पोरां खंय जातली?"

निवृत्त झाल्यापासून मामा गाळणं खिशात घालून सड्याच्या आसपासच्या जेवढ्या झरी आहेत तेवढ्या हिंडून आले होते. कुठे दुसऱ्या जातीच्या गोगलगायी होत्या, कुठे नुसते खेकडे, कुठे काहीच नव्हतं. ही पोरां फक्त यांच्या झरीत. दुसरीकडे असतीलही, पण मामांना गावली नव्हती, आणि नाही गावली तर नाहीत असंच ते धरून चालत. मी म्हटलं, थोडी बादलीत काढून ठेवू. ते म्हणाले, काळोखात वाढलेलं पोर बादलीत काय जगणार. मी म्हटलं, सरपंचांना पुन्हा भेटू. ते म्हणाले, सरपंचाचा बरोबर आसा. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी माझ्या यंत्राचं पाणी प्यायलं. उजेडाला न धरता. मला ते बघवेना.

झर उपसायच्या दिवशी मी मुद्दाम गेलो. घमेली, खोरी, नारळाची सोडणं घेऊन अख्खी वाडी जमलेली. गाळ निघाला, शेवाळ घासून झालं, राखणदाराच्या धोंड्यापुढे केळीच्या पानावर नारळ, विडा, अगरबत्ती. आणि बाजूला, एखाद्या आगंतुक पाहुण्यासारखं, पावडरीचं पांढरं पोतं. पण आमच्याकडे गाऱ्हाणं झाल्याशिवाय कुठलंही काम पुरं होत नाही. देवापुढे एकाने मागणं मागायचं आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. झरीवरच्या गाऱ्हाण्याचा मान मामांच्या घराण्याचा. त्यात सरपंचही हात घालू शकत नाहीत.

आता खरं सांगायचं तर गाऱ्हाणं कोणी ऐकत नाही. जांभईला जांभई येते तसं 'म्हाराजा'ला 'व्हय म्हाराजा' येतं. कान आंब्याच्या मोहोराकडे, डोळे मोबाइलकडे, तोंड मात्र वेळेवर चालतं. मी स्वतः झोपेत कूस बदलताना 'व्हय म्हाराजा' म्हटल्याचं बायको सांगते. त्या दिवशी सरपंच तर कुणाशी तरी फोनवर बोलत होते. प्रत्येक वेळी फोनवर हात ठेवायचे, 'व्हय म्हाराजा' म्हणायचे, हात काढायचे. आणि सरपंच असल्यामुळे सगळ्यांत मोठ्याने.

मामांनी हात जोडले, डोळे मिटले आणि स्टँडवरचा आवाज लावला.

"बा देवा राखणदारा, आज जी काय तुझी लेकरां तुझ्या झरीर जमली आसत, तेंचा काय चुकला माकला आसात ता पोटात घाल रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"मुंबय-पुण्याक गेलेल्यांची राखण कर, गुरा-वासरांची राखण कर, आंब्या-काजीर तुझी नजर आसांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी ह्या पाण्यात जी काय तुझी बारीक पोरां रवतत, तेंच्यार आमच्यापैकी कोणी पावडर घालूची नाय, विष घालूचा नाय, असो शब्द आज सगळ्या गावान तुका दिलो आसा रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आनी जो कोण हो शब्द मोडीत, तेच्या चुलीक जाळ नाय, तेच्या बांयक पाणी नाय, आनी तेच्या मोबायलाक रेंज गावाची नाय रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तोंडं म्हणून मोकळी झाली. मग 'रेंज' हा शब्द कानातून आत गेला आणि एकेक मान वर झाली. माझीही. मीसुद्धा म्हटलं होतं, आणि येताजाता याच झरीचं पाणी पिणारा माणूस मी, माझं म्हणणं धरलंच जाणार होतं.

सरपंचांनी फोन कानाकडे नेला. फोन कटला होता. तो आधीही दोनदा कटला होता, त्या खळग्यात कधीच धड रेंज नसते. पण हे आम्हाला घरी गेल्यावर आठवलं.

"मामानु!" सरपंच ओरडले. "ह्या काय म्हणलात?"

"मी खंय काय म्हणलंय?" मामा डोळे उघडून म्हणाले. "गावान म्हणल्यान."

"ही फसवणूक आसा!"

"तसा राखणदाराक सांगा. तो हंयच आसा."

"परत गाऱ्हाणा घाला! शब्द मागे घेवा!"

"घालतंय," मामा म्हणाले. "पुढच्या मार्गशीर्षात. वर्साक एकच."

मग त्या पोत्याभोवती जे काही सौजन्य उफाळून आलं, तसं मी कुठल्या मुंजीतही पाहिलं नाही. सरपंच शिपायाला म्हणाले, तू उचल. शिपाई म्हणाला, आधी तुमी, तुमी मोठे. कोणी म्हणालं, पंचायतीचं पोतं, पंचायतीने उचलावं. एक आजोबा म्हणाले, माझी तशीपण चूल बंद झाली, गॅस आसा, पण बांव आसा ना! पोतं जागचं हलेना.

तेवढ्यात मागून आवाज आला, अगदी साधा, कचेरीत बोलतात तसा. "मी होय म्हटलेलं नाही."

मामांची सून. सगळ्यांच्या मागे, फणसाला टेकून उभी होती.

सरपंचांचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. ते तिच्याकडे धावलेच. "मगे झाला! सूनबाय, तुमी मोकळी आसास! तुमीच घाला! सुरुवात पण तुमीच केल्यात!" पोत्याचं तोंड त्यांनी सोडलं, स्वतः पोत्याला हात न लावता, काडीने. ती पुढे आली. लोक बाजूला झाले. मामींनी पदर तोंडाला लावला. मी मामांकडे बघितलं. मला वाटलं, आता हे आडवे पडतील, कपारीच्या तोंडावर बूच होऊन बसतील, निदान पुकारा तरी करतील.

मामा बाजूला सरकले. "खरा आसा," ते म्हणाले. "ती मोकळी आसा. तिना शब्द नाय दिल्यान."

ती पाण्याशी उभी राहिली. "बाबा, हे खरंच फक्त इथेच असतात?"

"माका दुसरीकडे गावले नाय गो."

"आणि मी पावडर टाकली तर?"

"मगे हंयपण गावाचे नाय."

ती वाकून कपारीत डोकावली. मग सरपंचांकडे वळली. "झरीत कशाला टाकायची? खाली वाटेवर टाकी बांधा. पाइपने पाणी टाकीत घ्या. काय पावडर टाकायची ती टाकीत टाका, तोटीला जाळी लावा. लोक टाकीचं पाणी पितील. झर राहू दे."

एवढंच. इतकं सोपं की आमच्यापैकी कोणालाच सुचलं नाही, त्याचं मला अजिबात आश्चर्य वाटत नाही. सरपंचांनी दोन क्षण विचार केला आणि घोषणा केली की टाकीचा विचार त्यांच्या मनात कधीपासून होताच. शिपायाने पोतं उचललं, खाली न्यायला उचलण्यात शब्द मोडत नाही याची आधी तीन जणांकडून खात्री करून घेऊन. नारळ फुटला, खोबरं वाटलं गेलं. मामा सुनेपाशी आले. आता हे तिचे आभार मानणार की तिच्यावर ओरडणार, ते मला कळेना.

"जन्मभर गाऱ्हाणा घालतंय," मामा म्हणाले, "आजपर्यंत एकान आयकला नाय. तुया आयकलंस." आणि खोबऱ्याचा मोठा तुकडा तिच्या हातावर ठेवून ते भरभर निघून गेले. नाक ओढल्याचा आवाज मात्र आला. मामांचं नाक ओढणंही पुकाऱ्याइतकंच मोठं.

टाकी झाली. पंचायतीचं काम एवढ्या झटपट मी कधी पाहिलं नाही. रेंजची भीती माणसाला काय काय करायला लावते! पण पाइप घालताना कपारीशी थोडं खणावं लागलं, आणि झर लाल झाली. जांभ्याची तांबडी माती पाण्यात मिसळली की तिला घाई नसते. दिवसचे दिवस पाणी चहासारखं वाहत होतं. मामा सकाळ-संध्याकाळ तिथे जाऊन बसू लागले. पावडर टळली, पण मातीचं काय? आत गुदमरली असतील का? वर येतील का? मामींनी फोन केला, "जावयबापू, जरा येवन जावा. जेवणार लक्ष नाय हेंचा." मी गेलो. पाणी तोवर निवळत आलं होतं. सूनही पुण्याहून दोन दिवसांसाठी पुन्हा आली होती.

आम्ही तिघं झरीवर गेलो. मामा दगडावर बसले. पाणी आता स्वच्छ होतं, तळाचा खडा न् खडा दिसत होता. मामांनी बोट केलं. "तो बघा, जावयबापू, कसो चल्लो!"

मी वाकलो. बोटाखाली गवताचं एक बी होतं. पाण्याने हलत होतं.

मग मला एकेक गोष्ट कळत गेली. खळ्यात ते तळव्यांनी का चाचपत होते. हल्ली गाळणं मामींच्या हातात का असतं. त्याच दिवशी निघताना मामींनी मला बाजूला घेऊन सांगितलंही, की कुडाळच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितलाय, गेलेली नजर परत येणार नाही, आहे ती टिकवा म्हणाले, आणि हे कुणाला सांगू नका असं मामांनी बजावलंय. मोहरीएवढं काही मामांना दिसेनासं होऊन किती काळ झाला होता कोण जाणे.

पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी मी नुसता वाकून उभा होतो. पुन्हा पुन्हा बघत होतो. दगड बघितले, दगडांच्या खालच्या बाजू बघितल्या, कपारीत जेवढी मान जाईल तेवढी घातली. मला एकही पोर दिसलं नाही. नसेलच असंही नाही. माझी नजर काय, दुकानदाराची नजर.

"आसत मा?" मामांनी विचारलं. बोट तसंच पुढे. "कोण कित्याक बोलणा नाय?"

मी तोंड उघडलं.

"आहेत बाबा," सून म्हणाली. ती माझ्या शेजारी उकिडवी बसली होती. "त्या काळ्या दगडावर आहेत."

"दगडाच्या कुशीक?"

"हो. एक पुढे गेलाय. बाकीचे मागून येतायत."

"घाई करूची नाय तेंनी," मामा म्हणाले. "तेंका सांग, आता घाई नाय." आणि त्यांनी दोन्ही हात पाण्यात बुडवले. मग उठले, पंच्याने हात पुसले आणि आम्हाला मागे टाकून वाट उतरायला लागले. ती वाट त्यांच्या पायांना पाठ आहे.

मामा वळणाआड गेल्यावर मी हळूच विचारलं, "वहिनी, खरंच दिसले का हो तुम्हाला?"

"चष्मा घरी राहिलाय माझा, भाऊजी," ती म्हणाली.